साक्षीला मी उभी राहणार नाही : मंडळीला खुले पत्र

मा. पाळकसाहेब, पंचकमिटीचे सभासद आणि मंडळीतील सर्व बंधुभगिनींना,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

परवा कमिटीचे सेक्रेटरी घरी येऊन गेले. चहा झाला, चर्चवरच्या चांदणीला यंदा कोणती माळ लावायची हा विषय झाला, मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत साक्ष देणाऱ्यांची नावं होती. तिसरं नाव माझं. "बाई, पाचच मिनिटं. प्रभूने तुम्हाला या दुःखातून कसं बाहेर काढलं तेवढं सांगा. शेवट जरा आनंदाचा ठेवा, नवीन वर्ष लागत असतं."

विचार करून सांगते म्हणाले. केला विचार. मी साक्षीला उभी राहणार नाही. एवढंच कळवायचं असतं तर एका फोनवर भागलं असतं. पण "नाही" का, ते एकट्या सेक्रेटरींना सांगण्यासारखं नाही. ते तुम्हा सगळ्यांशी बोलायचं आहे. म्हणून हे पत्र. शाळेत एकतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे थोडं लाल शाईने लिहिल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या.

पाळकसाहेब, तुम्ही इथे नवीन आहात, म्हणून थोडं मागचं सांगते. आमचा धाकटा सव्वीस वर्षांचा होता. एमआयडीसीत कामाला होता आणि रविवारी उपासनेत तबला वाजवायचा. पेटीच्या कपाटात खालच्या कप्प्यात पावडरचा एक गुलाबी डबा आहे ना, तो त्याचा. हाताला घाम यायचा त्याच्या. जवळजवळ तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, सेकंड शिफ्ट करून रात्री बाराच्या सुमारास येत होता. रस्त्यात उसाची डबल ट्रॉली पंक्चर होऊन उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, रेडियमची एक चिंधीसुद्धा नाही. ट्रॅक्टरवाल्याने चाकाला दगड लावले होते, ते तेवढे नीट लावले होते. उसाची टोकं मागे हातभर बाहेर आलेली. गळीत हंगामात आपल्या नगर जिल्ह्यात रात्री गाडी चालवणाऱ्याला मी यापुढे काही सांगायची गरज नाही.

दफनाच्या वेळी त्या वेळचे पाळक जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. ते भले माणूस होते, रात्रभर आमच्याबरोबर होते. शवविच्छेदनाच्या दारात ते आमच्याबरोबर उभे होते हे मी विसरणार नाही. पण कबरीपाशी ते म्हणाले, "भगिनींनो, रडू नका. रडणं हे अविश्वासाचं लक्षण आहे. देवाची योजना आपल्याला आज समजत नाही." शवपेटीवर हात ठेवून मी उभी होते. आपल्या महिला मंडळाच्या दोघींनी माझे दंड धरून मला मागे ओढलं. एक जण कानात म्हणाली, "देवालाही चांगलीच फुलं लागतात." तिला मी क्षमा केली आहे. पण खरं सांगते, त्या क्षणी तो देव मला नकोसा झाला. रस्त्यावर लाल पट्टी चिकटवायला माणसं विसरली आणि नाव देवाच्या योजनेचं झालं. चोराने चोरी करावी आणि पंचनाम्यात मालकाचं नाव यावं, तसं हे आहे.

पुढचे दिवस घरात लोक येत होते. ज्याच्या त्याच्या तोंडी बायबलमधला ईयोब. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले." हे वाक्य मी लहानपणापासून प्रत्येक मयतीला ऐकत आले. नंतर एकदा पुस्तक उघडून नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं, हे वाक्य ईयोब स्वतः म्हणतो. ज्याची मुलं गेली तो म्हणतो. भेटायला आलेल्या कोणीही ते त्याला ऐकवलेलं नाही! भेटायला आलेले तिघे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते आणि एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंडं उघडली आणि सगळं बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, माझा सेवक ईयोब जसं माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत म्हणून. आणि ईयोब काय बोलला होता? वीसेक अध्याय तो देवाशी भांडतच होता.

आमच्याकडे ते सात दिवस शेजारच्या मावशींनी बसून काढले. त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत. त्यांच्या दारात तुळस आहे. मयतीच्या रात्री पिठलं-भाकरी घेऊन आल्या, कडू घास म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आल्या, येताना पदरात लसूण घेऊन. माझ्याजवळ खाली बसल्या आणि सोलायला लागल्या. पाकळी नखाने उचलायची, साल फुंकून बाजूला सारायची, पाकळी वाटीत. मी रडले की हात थांबायचे, थांबले की पुन्हा सुरू. सात वाजता उठून जायच्या. असं दोन महिने चाललं. एवढ्या लसणाचं त्यांनी काय केलं कोण जाणे. दोन महिन्यांत त्या मला देवाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि आज मागे बघते तर देव त्या घरात कुठे बसला असेल तर त्या वाटीपाशी, असं मला वाटतं.

तुम्हाला राग येईल, पण मंडळी पहिल्या रविवारनंतर पांगली. यात दुष्टपणा नव्हता. तुम्हाला वाटलं सांत्वनाची उपासना झाली, काम झालं. मला खरी गरज जूनमध्ये होती. पाऊस लागला, शाळा सुरू झाल्या, सगळ्यांचं आयुष्य चालू झालं आणि मला जगायचं नव्हतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा मंडळीसमोर लिहिते आहे. पहाटे तीनला जाग यायची, मग उजाडेपर्यंत छताकडे बघायचं. प्रार्थना करायला गेलं की तोंडात फक्त "का" यायचं, पुढे काही नाही. मिस्टरांनी मला नगरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. हे कसंबसं बाहेर कळलं आणि एक वडील माणूस मला दारात म्हणाले, "बाई, तुम्ही इतक्या विश्वासातल्या, आणि गोळ्या?"

त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते. पहिल्या राजांचा एकोणिसावा अध्याय काढा. एलीया, ज्याने स्वर्गातून अग्नी उतरवला तो एलीया, रानात रतामाच्या झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत येतो. तो एलीयाला विश्वासाचं प्रवचन देत नाही. त्याला हलवून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवतो. एलीया खातो आणि परत झोपतो! देवदूत झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायलाच देतो, कारण वाट लांबची आहे. माझ्या गोळ्या मी त्याच खात्यात धरते. आणि मावशींची भाकरीसुद्धा.

त्याच जूनमध्ये एका रात्री स्तोत्रसंहिता चाळताना 88वं स्तोत्र सापडलं. सापडलं म्हणते, कारण पन्नासहून जास्त वर्षं मंडळीत जाते आणि ते मी उपासनेत एकदाही ऐकलेलं नव्हतं. बाकी बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळतात. तेरावं घ्या, दोन ओळींत चार वेळा "कोठवर" विचारतं, पण संपताना गाऊ लागतं. 88 वळत नाही. सुरुवात रात्रंदिवसाच्या आक्रोशाने आणि शेवट अंधारात. कोणीतरी देवाला हे तोंडावर म्हटलं, कोणीतरी ते लिहून ठेवलं, आणि मंदिरात गाण्यासाठी संग्रहात घातलं. त्या रात्री मला कळलं की माझ्या आधी या खोलीत कोणीतरी राहून गेलेलं आहे. मी बाहेर नव्हते. आपल्याच घराची ती एक खोली होती, फक्त तुम्ही तिला कुलूप लावून ठेवलं आहे.

पाळकसाहेब, माझी तक्रार ही आहे. 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा रडण्याचा आणि आपण उपासनेत घेतो ती फक्त 23, 100, 103, 121. विलापगीताचे पाच अध्याय आहेत. त्यातल्या तिसऱ्याच्या मधल्या ओळी आपल्या कॅलेंडरवर असतात: त्याची करुणा रोज सकाळी नवी होते. खरं आहे ते. मी नाकारत नाही. पण त्या ओळी पुस्तकाच्या मध्यावर आहेत. त्यानंतर पुन्हा दोन अध्याय राखरांगोळीच आहे, आणि शेवटचं वचन देवाला विचारतं की तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस का. ज्याने लिहिलं त्याला करुणाही दिसली आणि जळलेलं शहरही दिसत राहिलं. आपण कात्री घेऊन करुणेच्या ओळी कापून घेतल्या.

"रडू नका" याला आधार म्हणून थेस्सलनीकाकरांचं पत्र वाचतात. पौल तिथे "खेद करू नका" म्हणून पूर्णविराम देत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, म्हणतो. हाच पौल फिलिप्पैकरांना लिहितो की एपफ्रदीत मेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. स्तेफन मेला तेव्हा भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्याच स्तेफनाने मरताना स्वर्ग उघडलेला पाहिला होता. तो कुठे गेला याची शंका कोणालाच नव्हती, तरी रडले. आणि बेथानीत तर स्वतः प्रभू. मेलेल्या लाजराला आता दहा मिनिटांत उठवायचं आहे हे ठाऊक असलेला तो एकटाच माणूस तिथे होता. आधी रडला. मार्था आणि मरीया दोघींनी त्याला एकच वाक्य ऐकवलं: आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. दोघींचाही त्याने अपमान केला नाही. हे वाक्य मी आपल्या चर्चमध्ये उभं राहून म्हटलं असतं तर?

पंडिता रमाबाईंचं चित्र आपल्या हॉलमध्ये आहे. महिला मंडळात मी स्वतः त्यांच्यावर चार वेळा भाषण केलं आहे. शारदा सदन, मुक्ती मिशन, केडगाव, दुष्काळातल्या मुली. सगळं कर्तृत्व. आता तेच आयुष्य मला दुसऱ्या बाजूने दिसतं. तरुणपणीच दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ. लग्न झालं आणि 1882 मध्ये नवरा पटकीने गेला. कडेवर वर्षाच्या आतबाहेरची मनोरमा. ती एकच. तिला त्यांनी वाढवलं, शिकवलं, आपल्यामागे काम बघेल म्हणून तयार केलं, आणि जुलै 1921 मध्ये ती आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. मुलीच्या मागे नऊ महिनेसुद्धा नाही. अख्खं बायबल त्यांनी मराठीत आणलं, म्हणजे ईयोबही त्यांच्या हातून उतरला, विलापगीतही, मुलांसाठी रडणाऱ्या राहेलीचं ते "सांत्वन पावेना" हेही. त्या ओळींवर त्यांची लेखणी कितीदा थांबली असेल, याचा मी आताशा विचार करते. भाषणात मी कधी केला नव्हता.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. 1919 मध्ये त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक गेले आणि त्यांचं ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य अर्धवट राहिलं. पुढचे 64 अध्याय या बाईने लिहिले. ज्या बाईला मोठेपणी अक्षरओळख झाली, तिने. हे काही दुःखातून "बाहेर पडणं" नाही. दुःख बरोबर घेऊन टेबलाशी बसणं आहे.

मला कोणी विचारलं की मग तुमचा विश्वास उरला का, तर सांगते. मी एकही रविवार चुकवला नाही. शेवटच्या बाकावर, दाराशेजारी बसायचे, म्हणजे भडभडून आलं तर पटकन उठता यावं. पहिलं दीड वर्ष मी गीत गायलं नाही. पुस्तक उघडं धरायचे आणि तोंड बंद. तबला वाजायला लागला की पोटात कालवायचं. आता जो मुलगा वाजवतो तो चांगला वाजवतो, त्याचा काही दोष नाही. पण तुम्ही गात होतात. विश्वासांगीकार तुम्ही म्हणत होतात, "मृतांचे पुनरुत्थान" हे शब्द माझ्या पुढच्या बाकावरच्या आजी जरा पुढे-मागे करून मोठ्याने म्हणायच्या, आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत म्हणायचे, चला, या आठवड्यात आजींनी मानलं माझ्या वतीने. तेवढ्यावर मी पुढच्या रविवारपर्यंत पोचायचे. मंडळीने मला सावरलं ते असं, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून तर हे पत्र तुम्हाला लिहिते. ज्यांच्याकडून काहीच मिळालं नाही त्यांना कोण पत्रं लिहितं?

इब्रीकरांच्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. आम्ही कोरडवाहू मुलखातली माणसं. लहानपणी शब्बाथ शाळेत हे वचन पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढे वडिलांचा नांगर यायचा, लोखंडी फाळाचा, दोन बैलांचा. आशा नांगरासारखी कशी, हे कोडं मला मॅट्रिकपर्यंत सुटलं नव्हतं. मग रत्नागिरीकडच्या एका बाईंनी हसत हसत सांगितलं, अगं, तो जहाजाचा नांगर, समुद्रात टाकतात तो. अर्थ कळला. पण गेल्या दोन वर्षांत मला दोन्ही नांगर कळले आहेत. एक खाली कुठेतरी अडकून आहे, दिसत नाही, फक्त दोर ताणलेला कळतो. दुसरा अंगावरून फिरतो आहे.

अजूनही काही गोष्टी मी करते त्या शहाणपणाच्या नाहीत. त्याच्या मोबाइल नंबरावर दर 84 दिवसांनी रिचार्ज मारते. नंबर दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून. मिस्टर बोलत नाहीत. मागच्या वेळी मी विसरले तर त्यांनीच मारला होता. 31 डिसेंबरच्या साक्षीत हे बसेल का? बसत नसेल तर मला उभं करू नका. शेवट आनंदाचा ठेवण्यासाठी मला दोन मिनिटं खोटं बोलावं लागेल, तेही वेदीसमोर.

त्याऐवजी तुमच्याकडे काही मागते. मयतीच्या वेळी पुनरुत्थानाचं वचन जरूर वाचा, ते ऐकायलाच आम्ही आलेलो असतो, पण त्याच्या आधी तेरावं किंवा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा, आणि वाचून गप्प बसा, लगेच समजावून सांगू नका. उत्तम शुक्रवारी प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चौथ्या उद्गाराला, "माझ्या देवा, माझ्या देवा"ला, दरवर्षी वक्ता घाईघाईने सांगतो की प्रभूला तसं खरं म्हणायचं नव्हतं. म्हणायचं होतं. येत्या वर्षी तो उद्गार मला द्या. साक्ष नको, तो द्या. आणि ज्या घरी मयत झाली तिथे तिसऱ्या महिन्यात कोण जाणार हे कमिटीने वहीत लिहून ठेवावं. जाणाऱ्याने लसूण न्यावा, बायबल खिशात राहू द्यावं. कोणी गोळ्या घेत असेल तर विचारावं, जेवणानंतर आहेत की आधी.

शेवटचं एक. गेल्या महिन्यात कापणीचा सण झाला. वेदीपुढे ज्वारी, भोपळे, उसाच्या मोळ्या, सगळं छान मांडलं होतं. त्या मोळ्या बघून मी बाहेर जाऊन उभी राहिले, तुमच्यातल्या काहींनी पाहिलं. आपल्या मंडळीत सहा घरी ट्रॅक्टर आहेत आणि त्यातल्या चार ट्रॉल्यांना आजही मागे काही नाही. मी मोजल्या आहेत. मिस्टर आणि मी मागच्या हंगामापासून दर शनिवारी संध्याकाळी कारखान्याच्या यार्डात जातो. ट्रॉल्या काट्यासाठी नंबर लावून उभ्या असतात, ड्रायव्हर चहाला गेलेले असतात किंवा खाली झोपलेले. फडक्याने फळी पुसायची, माती निघाली नाही तर पट्टी धरत नाही, मग लाल-पांढरं रेडियम चिकटवायचं, दोन्ही कोपऱ्यांना आणि मध्ये. पहिल्या दिवशी माझे हात इतके कापत होते की पट्टी वाकडी गेली. ड्रायव्हर म्हणाला, राहू द्या मावशी, वाकडी असली तरी चमकते.

शुक्रवारी प्रभूला पुरल्यावर त्या बायकांनी घरी जाऊन सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ पाळला. रविवारी पहाटे त्या पुनरुत्थान बघायला निघाल्या नव्हत्या. प्रेताला लावायला मसाला घेऊन निघाल्या होत्या, आणि धोंड कोण लोटणार याचीच त्यांना चिंता होती. माझं सध्या तेवढ्यावर चाललं आहे.

या शनिवारी पाच वाजता आम्ही जाणार आहोत. रेडियमचा रोल घरात आहे. फडकी कमी पडतात, आणि कात्री एकच आहे, ती आता बोथट झाली आहे. येणाऱ्याने आपापली आणावी.

आपली नम्र,
शेवटच्या बाकावरची बाई